आनंद रंग पिळ्ळैची रोजनिशी: गव्हर्नरच्या दारातलं राज्य

६ सप्टेंबर १७३६. पाँडिचेरीतल्या एका सत्तावीस वर्षांच्या तमिळ व्यापाऱ्यानं वही उघडली आणि यापुढे आपण कशाची नोंद ठेवणार हे आधी ठरवून घेतलं. जे कानावर येईल ते, जे दिसेल ते, बंदरात आलेली-गेलेली जहाजं आणि नवलाचं काही घडलं तर तेही. संकल्प एवढाच होता. पण आनंद रंग पिळ्ळै नावाचा हा माणूस, मधले खंड सोडले तर, जानेवारी १७६१ पर्यंत लिहीत राहिला. त्याची शेवटची नोंद १२ जानेवारीची आहे आणि १६ जानेवारीला पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. पिळ्ळैही त्याच दिवसांत वारला. हिंदुस्थानात फ्रेंचांचं मोठं राज्य उभं राहील अशी चिन्हं दिसू लागली, ती आशा शिगेला पोहोचली आणि धुळीला मिळाली, हे सगळं या चोवीस वर्षांत घडलं. त्यातलं बरंचसं या माणसानं रोजच्या रोज, पुढे काय होणार याची कल्पना नसताना लिहून ठेवलं.

तमिळमध्ये लिहिलेल्या या वह्या पुढे पाऊणशेहून अधिक वर्षं दुर्लक्षित राहिल्या. १८४६ मध्ये पाँडिचेरीतल्या आर्माँ गालॉआ-माँब्रँ या फ्रेंच गृहस्थाच्या त्या नजरेस आल्या आणि त्यानं नक्कल करवून घेतली. नंतर मद्रास सरकारनं १९०४ ते १९२८ या काळात बारा खंडांत इंग्रजी भाषांतर छापलं. सुरुवातीचे खंड फ्रेडरिक प्राइस आणि के. रंगाचारी यांनी सिद्ध केले, पुढचे हेन्री डॉडवेल यांनी. मी रोजनिशी वाचली ती याच खंडांतून. इतिहासकारांनी तिचा भरपूर उपयोग केला आहे. लढायांच्या तारखा, कापसाच्या गाठी, नवाबांची पत्रं त्यांनी तिच्यातून वेचून घेतली. पण मला ती सलग, एक कलाकृती म्हणून वाचावीशी वाटते. राज्य चालवणं म्हणजे रोज नेमकं काय करणं, हे इतक्या जवळून दाखवणारं अठराव्या शतकातलं दुसरं दक्षिणी पुस्तक माझ्या वाचनात नाही.

राज्य म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे किल्ला, फौज, फर्मान येतं. पिळ्ळैच्या पाँडिचेरीत हे सगळं आहे, पण ते मागच्या बाजूला. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल कारभार पाहत. त्यांच्यावर पॅरिसमधले संचालक आणि त्यांच्यावर राजा. खाली साऱ्या गावाचा संसार: विणकर, कापडाचे व्यापारी, सराफ, शिपाई, कोमटी, चेट्टी, वेल्लाळ, ब्राह्मण, ख्रिस्ती, मुसलमान, बंदरावरचे हमाल. गव्हर्नरला तमिळ येत नसे, गावाला फ्रेंच येत नसे. मधल्या जागी कंपनीचा मुख्य दुभाषी उभा असे. कापडासाठी व्यापाऱ्यांना द्यायच्या उचली, त्यांच्याकडून येणारा माल, भोवतालच्या गावांचे मक्ते, चावडीतले तंटे, नवाबाच्या आणि राजांच्या वकिलांची सरबराई, गावातल्या जातींचे मानपान यांतलं काहीही त्याच्यावाचून हलत नसे. आधी व्यापारी म्हणून आणि पुढे मुख्य दुभाषी म्हणून पिळ्ळै आयुष्यभर गव्हर्नरच्या दारात उभा होता. दारात उभं राहणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतात. रोजनिशीचं बळ त्या जागेत आहे.

ती जागा किती धोक्याची आहे हे त्याला लहानपणीच कळलं होतं. त्याच्या घराण्याला मद्रासेहून पाँडिचेरीत आणणारा नात्यातला वडीलधारा, नैनियप्पा पिळ्ळै, हाही कंपनीचा मुख्य दलाल होता. गव्हर्नर एबेरच्या काळात, १७१६ मध्ये, त्याला पकडून खटला चालवला गेला, फटक्यांची आणि कैदेची शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली आणि १७१७ मध्ये तो तुरुंगात वारला. नंतर फ्रान्समध्ये या खटल्याचा फेरविचार होऊन त्याचं नाव निष्कलंक ठरलं. त्याचा मुलगा त्यासाठी पॅरिसपर्यंत गेला, तिथे ख्रिस्ती झाला आणि मानाची पदवी घेऊन परतला. हे आठवूनच रोजनिशी वाचावी लागते. गव्हर्नर हसून बोलला, की पिळ्ळै ते शब्द जपून लिहितो. गव्हर्नरनं मान फिरवली, की तेही लिहितो. कोणाला बसायला सांगितलं, कोणाला उभं ठेवलं, कोणत्या पाहुण्यासाठी किती तोफा सुटल्या, हे सारं तो सोनाराच्या काट्यानं तोलून मांडतो. प्रथम वाचताना हा तपशील कंटाळवाणा वाटतो. शंभरेक पानांनंतर ध्यानात येतं, की त्या दरबारात माणसाचं नशीब याच तपशिलावर ठरत होतं, आणि हे पिळ्ळैइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

त्याच्या नोंदींची बांधणी साधी आहे. वर तारीख. तमिळ वर्षाचं नाव आणि महिना एका अंगाला, युरोपीय तारीख दुसऱ्या अंगाला. मग सकाळी अमुक वाजता मी गव्हर्नरच्या वाड्यावर गेलो, तो असं म्हणाला, मी असं म्हणालो. संवाद हे त्याचं खरं सामर्थ्य. पुढे गव्हर्नर झालेल्या डुप्लेचं बोलणं तो असं रचतो की आपल्यापुढे डुप्लेच्या पत्रव्यवहारातला मुत्सद्दी उभा राहत नाही. उभा राहतो तो तमिळ मुलखातला एक तापट, हिशेबी, स्तुतीला भुकेलेला कारभारी. फ्रेंच कागदांतून दिसणारा डुप्ले आणि पिळ्ळैच्या वहीतून दिसणारा डुप्ले, दोघेही खरे आहेत. पण दुसऱ्याचा घाम आपल्याला जाणवतो.

मराठी वाचकासाठी या रोजनिशीत एक वेगळीच ओढ आहे. फुलचेरी, आपल्या जुन्या कागदांतलं पाँडिचेरीचं हे नाव, मराठ्यांच्या इतिहासाबाहेरची कधीच नव्हती. फ्रान्स्वा मार्तँनं १६७४ मध्ये तिथे ठाणं बसवलं ते विजापूरच्या सरदाराच्या, शेरखान लोदीच्या, मेहेरबानीनं. तीन वर्षांत शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली, शेरखानाचा पराभव केला, आणि मार्तँला मराठी अधिकाऱ्यांशी बोलणी करावी लागली. महाराजांच्या दक्षिण दिग्विजयासाठी मार्तँची टिपणं आजही महत्त्वाचं साधन मानली जातात. राजाराम महाराज जिंजीत होते तेव्हा फ्रेंचांचा कारभार मराठी सत्तेच्या छायेत चालला होता. १६९३ मध्ये डचांनी फुलचेरी घेतली आणि १६९९ मध्ये ती परत फ्रेंचांकडे आली. १७३९ मध्ये फ्रेंचांनी मिळवलेलं कारैकाल तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं होतं. म्हणजे पिळ्ळै वही उघडतो तेव्हा मराठे त्याच्या दुनियेत नवे नाहीत. पण १७४० मध्ये ते ज्या रूपानं येतात, ते रूप मराठी वाचकाला थबकायला लावतं.

त्या वर्षी रघुजी भोसले आणि अक्कलकोटचे फत्तेसिंह भोसले कर्नाटकात उतरले. मे महिन्यात दामलचेरीच्या घाटात नवाब दोस्त अली मारला गेला. पुढच्या मार्चात त्रिचनापल्ली पडली, दोस्त अलीचा जावई चंदासाहेब कैद होऊन साताऱ्यास गेला, आणि त्रिचनापल्लीवर मुरारराव घोरपडे नेमले गेले. आपल्या इतिहासग्रंथांत ही मोहीम पराक्रमाची म्हणून येते, आणि ती पराक्रमाची होतीच. पाँडिचेरीच्या वेशीतून मात्र तीच मोहीम आधी अफवा म्हणून दिसते. कोणीतरी सांगत येतं, की स्वार अमुक गावी आले. दुसरा सांगतो, की परंगिपेट्टै लुटलं. माणसं गाठोडी घेऊन तटाच्या आत येऊ लागतात, धान्याचे भाव चढतात. मारल्या गेलेल्या नवाबाचं कुटुंब आश्रयाला दारात येतं, आणि त्यांना आत घेतलं तर मराठे रागावतील, न घेतलं तर उद्याचा नवाब, असा पेच गव्हर्नर द्युमापुढे उभा राहतो. द्युमानं त्यांना आत घेतलं. रघुजींनी चंदासाहेबाच्या कुटुंबाची आणि खंडणीची मागणी केली तेव्हाही तो नकारावर ठाम राहिला. त्याच्या या धीटपणाचं पुढे दक्षिणेत कौतुक झालं. विजयाची दुसरी बाजू कशी दिसते, हे आपल्या बखरींत सापडणार नाही. बखर घडून गेल्यावर, मान ठेवून, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली जाते. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या सकाळी स्वार येतील की नाही हेही माहीत नसतं. ही भीती कोणत्याही इतिहासकाराला मागाहून रचता येणार नाही.

१७४२ च्या आरंभी डुप्ले चंद्रनगरहून पाँडिचेरीला गव्हर्नर म्हणून आला, आणि तिथून रोजनिशी खऱ्या अर्थानं रंगते. डुप्लेसोबत त्याची बायको आली. झान पाँडिचेरीतच जन्मलेली, तमिळ जाणणारी, गावच्या घराघरांतलं राजकारण ओळखणारी होती. पिळ्ळैला ती आवडत नाही, आणि ही नावड तो लपवत नाही. ती आपले हेर ठेवते, लोकांकडून पैसे घेते, नवऱ्याचे कान भरते, असं तो पुन्हा पुन्हा लिहितो. इथे वाचकानं सावध राहावं. मुख्य दुभाषाचं खरं भांडवल हे की गव्हर्नर आणि गाव यांच्यामध्ये तोच एकटा बोलू शकतो. गव्हर्नरच्या घरातच तमिळ जाणणारी बाई असली, की ते भांडवल निम्म्यावर येतं. पिळ्ळैच्या रागाचं एक मूळ इथे आहे, आणि ते त्याला स्वतःला दिसत असेल असं वाटत नाही. म्हणून झान डुप्लेविषयीची पानं मी दोनदा वाचतो, एकदा तिच्यासाठी आणि एकदा त्याच्यासाठी.

१७४६ मध्ये मुख्य दुभाषी कनकराय मुदली वारला. तो ख्रिस्ती होता, आणि पाद्र्यांना त्याच्या जागी ख्रिस्तीच हवा होता. पिळ्ळै हिंदू. काम त्याच्याकडे आलं, पण मान आणि नेमणूक अडखळत आली. मधल्या महिन्यांतल्या नोंदी मानवी स्वभावाच्या अभ्यासासाठी वाचाव्यात अशा आहेत. आपल्याला पद नको आहे असं तो गव्हर्नरला सांगतो, आणि घरी येऊन कोण काय बोललं याचा हिशेब मांडतो. ज्योतिषाचे अनुकूल योग तपासतो. आपल्या हाताला यश आहे असं गव्हर्नर म्हणाला, हे तो प्रत्येक वेळी लिहून ठेवतो. याच वर्षी ला बूर्दोने या फ्रेंच अधिकाऱ्यानं इंग्रजांचं मद्रास जिंकलं आणि त्याचं डुप्लेशी वाकडं आलं. शत्रूचं शहर हाती आलेलं असताना दोन फ्रेंच अधिकारी ते कोणाच्या अखत्यारीत यावरून कसे झगडले, याचं चित्र पिळ्ळै दोघांच्याही जवळून रंगवतो. पुढे अड्यार नदीकाठी फ्रेंचांच्या लहानशा तुकडीनं नवाबपुत्र महफूजखानाच्या मोठ्या फौजेला पळवून लावलं. युरोपीय कवायती फौज इथल्या मोठ्या सैन्याला मोडू शकते हे त्या दिवशी साऱ्या दक्षिणेला कळलं. पुढच्या सत्तर वर्षांचं आपलं राजकारण त्या घटनेवर उभं आहे.

आता मी या रोजनिशीतल्या त्या भागाकडे येतो जो माझ्या मते तिचा कळस आहे: सप्टेंबर १७४८.

अॅडमिरल बॉस्कावेनच्या इंग्रजी फौजेनं पाँडिचेरीला वेढा दिलेला आहे. बाहेरून तोफगोळे पडताहेत, माणसं घरं सोडून पळताहेत. अशा दिवसांत वेदपुरी ईश्वराचं मंदिर पाडायचं ठरतं. मंदिर जेझुइटांच्या सेंट पॉल चर्चला लागून होतं आणि ते हटवावं ही पाद्र्यांची जुनी मागणी होती. १७४६ मध्ये या मंदिरात घाण टाकल्याचे प्रकारही पिळ्ळैनं नोंदवले आहेत. पण शांततेच्या काळात मंदिराला हात लावला, की गाव उठून चालू लागे. विणकर गेले की कापड गेलं, कापड गेलं की कंपनी गेली, म्हणून आधीचे गव्हर्नर मागे हटत आले होते. वेढ्याच्या काळात गाव जाणार कुठे? बाहेर इंग्रज आहेत. पाद्र्यांना आणि झान डुप्लेला हवी असलेली संधी इंग्रजांच्या तोफांनी दिली.

पिळ्ळैला आदल्या दिवशी कळतं. देवळाचे मुखत्यार त्याच्याकडे येतात. तो त्यांना सल्ला देतो, की उत्सवमूर्ती आणि सामान रातोरात काळहस्तीश्वराच्या देवळात हलवा. इथे क्षणभर थांबावं असं मला वाटतं. गावातला सर्वांत वजनदार हिंदू माणूस, गव्हर्नरशी रोज बोलणारा, देवळासाठी करू शकतो ते एवढंच. दुसऱ्या दिवशी तोडफोड सुरू होते. पाद्री कर्दू गाभाऱ्यात कसा वागला, देवाची वाहनं कशी फोडली गेली, हे पिळ्ळै एकेक गोष्ट मोजून लिहितो. (हाच कर्दू पुढे संस्कृतचं लॅटिन-ग्रीकशी असलेलं साम्य मांडणारा विद्वान म्हणून ओळखला गेला. एकाच माणसात या दोन गोष्टी राहिल्या, हे मला आजही अस्वस्थ करतं.) लोक पिळ्ळैकडे धावत येतात, आपसांत भांडतात, एकमेकांवर दोष ढकलतात. पिळ्ळै त्यांच्या फुटीवर कडवट होतो. पण त्याच पानांवर त्याची स्वतःची असहायता आहे, आणि ती त्यानं खोडून टाकलेली नाही.

याच प्रसंगात आणखी एक नोंद आहे. मंदिरासमोरची मशीदही पाडायचा हुकूम निघतो. ते ऐकून शिपायांचा मुसलमान सरदार अब्दुर रहमान गव्हर्नरकडे जातो आणि सांगतो, की मशिदीला हात लागला तर एकही शिपाई नोकरीत राहणार नाही, ते लढून मरतील. डुप्ले हुकूम मागे घेतो. मंदिर पडलं, मशीद राहिली. पिळ्ळै यावर मोठं भाष्य करत नाही. दोन घटना शेजारी ठेवतो आणि पुढे जातो.

या दोन घटनांमध्ये मला त्या राजवटीचं सगळं शास्त्र दिसतं. फ्रेंचांच्या पाँडिचेरीत कोणता धर्म खरा यावर कारभार चालत नव्हता. कोणाचं ऐकल्यावाचून भागणार नाही, यावर तो चालत होता. वेढ्याच्या काळात विणकराचं न ऐकून भागत होतं, शिपायाचं न ऐकून भागत नव्हतं. वेढा उठला, की पारडं पुन्हा विणकराकडे झुकणार होतं. पिळ्ळैनं हे सूत्र म्हणून कुठेही मांडलेलं नाही. तो तत्त्वज्ञ नाही. पण चोवीस वर्षं रोज कोणाचं ऐकलं गेलं आणि कोणाचं नाही हे लिहीत गेल्यामुळे सूत्र आपोआप तयार झालं आहे, आणि वाचकाला ते स्वतः सापडतं. मोठ्या लेखनाचं लक्षण मी यालाच मानतो.

त्याच्या उणिवाही त्याच हातानं लिहिलेल्या आहेत. ऑक्टोबर १७४५ मध्ये चर्चमधली एक भिंत पाडली गेली. सवर्ण ख्रिस्ती एका बाजूला आणि परैयर ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला बसावेत म्हणून ती बांधलेली होती. सवर्ण ख्रिस्त्यांनी गोंधळ घातला. हा प्रसंग पिळ्ळै तपशिलानं सांगतो, पण भिंतीपलीकडे बसणाऱ्यांच्या बाजूनं पाहण्याची त्याची तयारी दिसत नाही. माणसांना फसवून, पळवून, गुलाम म्हणून फ्रेंच बेटांवर पाठवलं जात होतं, याचीही नोंद त्यानं केली आहे. ती वाचून आपल्याला जो धक्का बसतो तो त्याच्या लेखणीला बसलेला नाही, असं मला वाटतं. तो आपल्या काळाचा आणि आपल्या जातीचा माणूस होता. पण त्यानं हे लिहून ठेवलं नसतं, तर त्या पळवलेल्या माणसांविषयी आपल्याला कंपनीच्या हिशेबातला एखादा आकडा तेवढा मिळाला असता.

१७४९ ते १७५१ ही डुप्लेच्या वैभवाची वर्षं. साताऱ्याच्या कैदेतून सुटून आलेला चंदासाहेब, निजामाचा नातू मुजफ्फरजंग, अंबूरची लढाई, नासिरजंगाचा खून, पाँडिचेरीत भरलेला दरबार. पिळ्ळैलाही मनसब मिळाली. पालखीतून वाद्यांसह जाण्याचा, सोन्याच्या मुठीची काठी वापरण्याचा, गव्हर्नरच्या वाड्यात पायताण घालून वावरण्याचा मान त्याच्याकडे आला. या भागातलं त्याचं लेखन मला तुलनेनं कमी आवडतं. सुख लिहिताना तो पाल्हाळ लावतो, मानपानाच्या याद्या लांबतात. मग वारं फिरतं. १७५४ मध्ये डुप्लेला परत बोलावलं जातं. ज्या माणसाशी दहा-बारा वर्षं रोज बोलणं झालं तो जहाजात बसून निघून जातो, आणि पिळ्ळैला नव्या गव्हर्नरच्या दारात नव्यानं उभं राहावं लागतं. १७५६ मध्ये पदही जातं.

शेवटची वर्षं वाचणं जड आहे. १७५८ मध्ये आलेला फ्रेंच सेनापती लाली शूर होता, पण ज्या देशात लढायचं तो देश समजून घेण्याची त्याची इच्छा नव्हती. ओझी वाहायला माणसं हवीत म्हणून जात, धंदा न पाहता जो सापडेल त्याला धरलं गेलं. त्याच वर्षी त्यानं तंजावरच्या भोसल्यांवर, प्रतापसिंह राजांवर, स्वारी केली, वाटेत कीळवेळूरचं मंदिर लुटलं, ब्राह्मणांना तोफेच्या तोंडी दिलं, आणि तंजावर न घेताच परतला. पैसा संपत आला होता, शिपायांचे पगार थकले होते, वांदिवाशची लढाई हरली होती. पिळ्ळै आजारी आहे, त्याच्याकडे अधिकार नाही, गाव उपाशी आहे. आणि तरीही तो लिहितो. आता कोणाच्या मर्जीचा हिशेब ठेवायचा राहिलेला नाही, म्हणून त्याचं गद्य उघडं पडतं. माझ्या मते साहित्य म्हणून सर्वांत शुद्ध पानं हीच आहेत. इंग्रजांनी शहर घेतलं आणि तट व इमारती पाडून टाकल्या. लालीला पुढे पॅरिसमध्ये देशद्रोहाच्या आरोपावरून १७६६ मध्ये शिरच्छेदाची शिक्षा झाली.

पिळ्ळैच्या घराण्यात लेखणी थांबली नाही. त्याच्या पुतण्यानंही पुढची काही वर्षं रोजनिशी ठेवली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस वीरनायकर नावाच्या आणखी एका पाँडिचेरीकराची रोजनिशी आपल्याला मिळते. तिथल्या तमिळ माणसाला आपल्यावरच्या राज्यकर्त्यांची नोंद ठेवायची सवय लागली होती. प्रपंचन या तमिळ कादंबरीकारानं पिळ्ळैच्या वह्यांतून 'वानम् वसप्पडुम्' ही कादंबरी घडवली आणि तिला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पाँडिचेरीचा पुढचा कारभारही मला पिळ्ळैच्या नजरेनंच वाचावासा वाटतो. गव्हर्नरच्या वाड्यात पायताण घालून जाणं हा त्याच्या काळी एका माणसाला मिळालेला मान होता. १८७३ मध्ये पोन्नुतंबी पिळ्ळै नावाचा वकील युरोपीय पद्धतीचे बूट घालून न्यायालयात उभा राहिला. न्यायाधीशानं त्याला मज्जाव केला, तो पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जिंकला. आनंद रंग पिळ्ळैला मर्जी म्हणून मिळालेली गोष्ट पोन्नुतंबीनं हक्क म्हणून मिळवली. सव्वाशे वर्षांत एवढा पल्ला गाठला गेला. याच पोन्नुतंबीच्या पुढाकारानं, १८८१ च्या हुकुमाचा आधार घेऊन, कित्येकांनी आपला जातिनिष्ठ वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा पत्करला. मतदान आलं, फ्रान्सच्या संसदेत इथला प्रतिनिधी बसू लागला, पण मतदारयाद्या गटागटांच्या वेगळ्याच राहिल्या. समतेची घोषणा करणाऱ्या प्रजासत्ताकालाही इथे कोणाचं ऐकावं आणि कोणाचं किती ऐकावं याची यादी ठेवावी लागली. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूरला जमलेल्या १७८ लोकप्रतिनिधींपैकी १७० जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूनं मत दिलं. १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला, आणि फ्रेंच संसदेच्या मान्यतेनंतर १६ ऑगस्ट १९६२ रोजी हस्तांतर कायदेशीरपणे पूर्ण झालं. गव्हर्नरच्या दारातून आत डोकावणारा पिळ्ळै आणि कीळूरच्या मंडपात मत देणारा प्रतिनिधी यांच्यामध्ये दोनशे वर्षं आहेत.

मराठीत आपण फ्रेंचांविषयी लिहितो तेव्हा डुप्ले, बुसी, लाली ही नावं येतात, आणि ती पेशव्यांच्या, निजामाच्या संदर्भात येतात. या राज्याखाली राहणाऱ्या माणसाचं पुस्तक आपल्या शेजारच्याच भाषेत आहे आणि आपण ते जवळजवळ वाचलेलंच नाही. बारा खंड पाहून कोणी बिचकू नये. संपूर्ण वाचण्याचा आग्रहही नाही. पहिल्या खंडातली कर्नाटकातल्या मराठी स्वारीची पानं घ्यावीत, मग सप्टेंबर १७४८ चा महिना घ्यावा आणि शेवटी १७६० साल. एवढ्यानं पिळ्ळैची ओळख होते. जुन्या मद्रास सरकारचे हे खंड आता डिजिटल रूपातही मिळतात. मराठीतल्या कोणा इतिहासप्रेमी अनुवादकानं, शक्य झाल्यास मूळ तमिळवरून, निदान या तीन भागांचं तरी भाषांतर हाती घ्यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.